एकोणचाळिसाव्या सेकंदाचा खोकला

आमच्या सिनेमात कुणी खोकत नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण आता आठवून बघा. बारा वर्षांपूर्वी परिपत्रक निघालं की राष्ट्रीय चित्रपटात राष्ट्र निरोगी दिसलं पाहिजे. तेव्हापासून आमच्या नायिका मरतात त्या अपघातात, म्हातारे मरतात ते झोपेत, आणि तेही आदल्या दिवशी नातवंडांबरोबर धावून. साधी शिंक नाही. पण शूटिंगला येतात ती हाडामांसाची माणसं. त्यांना धूळ लागते, धूर लागतो, ती खोकतात. मग ती फिल्म माझ्या टेबलावर येते आणि मी तो खोकला कापून टाकते.

मी मंडळाच्या साउंड विभागात आहे. सरकारी चित्रपट मंडळ, म्हणजे देशात जेवढा सिनेमा बनतो तेवढा आमच्याच चार मजल्यांत. आवाजाची टेप सरकवायची, नको तो आवाज पात्याने कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. तेवीस वर्षं हेच करतेय. किती खोकले केराच्या टोपलीत टाकले, मोजदाद नाही.

एक मात्र ठेवला. आणि त्या एकापायी माझा नवरा नऊ दिवस आत होता.

सांगते. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई, एका खोकल्याचं काय घेऊन बसलीस.

माझे बाबा याच विभागात, याच खोलीत होते. मी हे काम त्यांच्या हाताखाली शिकले. नऊ वर्षांपूर्वी, बाबा कामावर असतानाच, 'वरचे' सत्तेवर आले. आमच्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही, 'वरचे' म्हणतात आणि उगाच एकदा छताकडे बघतात. वरच्यांचं भाषण झालं की त्याचा वार्तापट बनतो आणि तो देशातल्या प्रत्येक थिएटरात, प्रत्येक सिनेमाच्या आधी दाखवतात. तो संपेपर्यंत दारं बाहेरून बंद असतात.

पहिल्याच भाषणात घोळ झाला. टाळ्या खऱ्याच होत्या, हजार माणसं वाजवत होती. पण घाबरलेला माणूस टाळी कशी वाजवतो, ऐकलंय कधी? सगळे एकदम सुरू, सगळे एकदम बंद. टेपवर ते ऐकलं तर पत्र्यावर वाळूचं पोतं उलटं केल्यासारखं वाटायचं. बाबांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हे असं गेलं तर आपलं काही खरं नाही."

मग त्यांनी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी मंडळातली सगळी माणसं मोठ्या स्टुडिओत गोळा केली. शिंपी, सुतार, कँटीनवाले, रंगारी. माइक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मगच जाहीर केलं की आज दुपारनंतर सगळ्यांना सुट्टी. काय टाळ्या पडल्या हो! मोकळ्या, मागेपुढे होणाऱ्या, मध्येच कुणीतरी हसणारं. बेचाळीस सेकंद. आणि एकोणचाळिसाव्या सेकंदाला माइकजवळ उभे असलेले बाबाच खोकले. एक छोटा, एक मोठा, आणि शेवटी 'हं', जणू स्वतःलाच होकार दिला.

"पुन्हा घेऊ या," मी म्हटलं.

"आता कुठे पुन्हा? सगळे पळाले घरी. तू काप तेवढं."

मी कापणार होते. खरंच कापणार होते. पण त्या आठवड्यात घाई होती, म्हणून तेवढ्यापुरता आवाज खाली घेऊन भागवलं. पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. त्यानंतर टेपला हात लावायची हिंमत होईना. घरी त्यांचे फोटो आहेत, चष्मा आहे. आवाज कुठेच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज भरले त्या माणसाने, स्वतःचा कधी भरला नाही. एवढाच काय तो, दीड सेकंद. नऊ वर्षं, बावीस भाषणं, प्रत्येक भाषणाला मी त्याच टाळ्या लावल्या आणि प्रत्येक वेळी एकोणचाळिसाव्या सेकंदाला बाबा येऊन 'हं' करून गेले. थिएटरांतले स्पीकर जुनाट. कुणाला ऐकू जाणार होतं?

मूर्खपणा होता. दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याची अक्कल काढली असती.

गेल्या महिन्यात वरच्यांच्या घरच्या थिएटरात नवे स्पीकर बसवले. परदेशी. त्यात म्हणे कपड्याची सळसळसुद्धा ऐकू येते. वरच्यांनी हौसेने स्वतःचंच ताजं भाषण लावलं आणि टाळ्यांच्या शेवटी त्यांना खोकला ऐकू आला. त्यांनी त्याआधीचं भाषण मागवलं. त्यातही तोच खोकला. मग बावीसच्या बावीस ऐकली. नऊ वर्षं कुणीतरी एकच माणूस गावोगाव आपल्या मागे येतो, आपलं बोलणं संपलं की खोकतो आणि वर 'हं' म्हणतो. कोण आहे हा? कुणाला खूण करतो? माणूस शोधा, असा हुकूम सुटला.

मंडळाचे मोठे साहेब हे आम्हाला सांगत होते तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. या साहेबांना आम्ही पाठीमागे 'होहो' म्हणतो, कारण फोनवर ते दुसरं काही बोलत नाहीत. त्यांनी दार लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाळ्या आपण भाषणाच्या हॉलमध्येच रेकॉर्ड करतो. हो ना?"

"हो," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "हो हो."

दुसरं काय म्हणणार? आमच्या एका मेकअपवाल्याने कँटीनमध्ये 'यंदा गर्दी जरा कमी होती' एवढंच म्हटलं होतं. त्याच्या आरशासमोर आता दुसराच माणूस उभा असतो आणि पहिल्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. तिथे मी जाऊन सांगायचं की साहेब, तुमच्यासाठी कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत, त्या सुट्टीसाठी वाजवल्या होत्या? नऊ वर्षं?

मी गप्प बसले. म्हटलं, शोधतील आणि कंटाळतील.

ते कंटाळले नाहीत. त्यांनी बावीस भाषणांच्या हजेरीच्या याद्या काढल्या आणि बावीसही ठिकाणी कोण होतं ते बघितलं. दोनच माणसं निघाली. एक वरच्यांचा अंगरक्षक. त्याच्यावर संशय घ्यायला कुणाची छाती होणार? दुसरा वार्तापटाचा कॅमेरामन. म्हणजे माझा नवरा.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ह्यांना कॅमेऱ्याच्या खोलीतून नेलं. लेन्स पुसत होते. पुसायचा कपडा तसाच टेबलावर पडलेला मला दिसला. मी तो कपडा घडी करून पर्समध्ये ठेवला, का ठेवला देव जाणे.

घरी सासूबाई. ऐंशीच्या पुढे, पण कान तिखट. "कुठे गेला गं?" "दौऱ्यावर." "बॅग तर इथेच आहे." "अहो आई, सरकारी दौरा आहे, तिकडे सगळं मिळतं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण रोज दोघींच्या जेवणात तिसरं ताट मात्र मांडायच्या.

या नऊ दिवसांत मला झोप लागली नाही की घास गिळवला नाही. कारण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. टाळ्या कुठल्या आणि खोकला कुणाचा, हे ह्यांना माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर हे सुटले असते आणि मी आत गेले असते. मी इथे टेबलाशी बसलेली होते, याचाच अर्थ हे बोलले नव्हते. रोज सकाळी खोलीचं कुलूप उघडताना मला वाटायचं, आज बोलले असतील तर बरं. आणि मग पायऱ्यांवर बूट वाजले की वाटायचं, नको रे देवा, आजचा दिवस नको. लाज वाटते सांगायला, पण असंच होतं.

नवव्या दिवशी बूट माझ्याच दाराशी थांबले.

सुरक्षा खात्याचे अधिकारी. मी त्यांचं मनातल्या मनात नाव ठेवलं 'इस्त्री', कारण बसले तरी त्यांच्या कोटाला चुणी पडत नव्हती. हातात टेपचं एक रीळ. खुर्ची ओढून बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याइतका तयार कान देशात नाही म्हणतात. एक मदत हवी. हा एका माणसाचा खोकला आहे. वार्तापटातला खोकला आणि हा, एकच का, एवढं सांगा."

मी रीळ चढवलं. कोपर टेबलाला घट्ट टेकवून धरलं.

पहिल्याच आवाजाला मी ओळखलं. ह्यांचाच. कुणीतरी म्हणत होतं, 'पुन्हा,' आणि हे खोकत होते. खोटा, ओढूनताणून काढलेला खोकला. 'पुन्हा.' 'शेवटी हं म्हण.' ह्यांनी 'हं' म्हटलं. 'पुन्हा.' मध्ये पाण्याचा आवाज होता, बादलीने फरशीवर टाकावं तसा, आणि पाण्यानंतर ह्यांचे दात वाजत होते. मला ते दात मोजता आले असते. मी तेवीस वर्षं ऐकण्याचंच काम केलंय, मला न ऐकता येत नाही.

"एक नाही," मी म्हटलं.

"हे बायको म्हणून सांगताय की तंत्रज्ञ म्हणून?"

म्हणजे ते रीळ मुद्दाम माझ्याकडे आणलं होतं. इस्त्री हसत होते, पण वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते मी पाहिले आणि पहिल्यांदा डोकं चाललं. या माणसालाही वर उत्तर द्यायचं आहे. याला माणूस हवा आहे, कुठलाही चालेल. मी 'हा नाही' म्हटलं की ही माणसं दुसरं कुणी आणतील किंवा ह्यांनाच वापरतील. खरं सांगितलं तर टाळ्या खोट्या ठरतात, आणि टाळ्या खोट्या आहेत हे वर जाऊन सांगायचं काम ह्याच माणसाच्या गळ्यात पडेल. ते त्याला तरी परवडणार आहे का?

"एक नाही," मी पुन्हा म्हटलं, "कारण तो खोकला माझा आहे."

इस्त्रींचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"मी आजारी होते. जुना खोकला आहे मला. निवेदकाचा माइक इथेच टेबलावर असतो, बघा. मिक्सिंग करताना तो चालू राहिला. माझा निष्काळजीपणा."

"बावीस वेळा? त्याच जागी?"

"टाळ्या संपत आल्या की आवाज हळूहळू खाली आणावा लागतो. तेव्हा मी श्वास रोखून धरते. सोडला की उबळ येते. दरवेळी तिथेच येणार ना." कुठून सुचलं मला माहीत नाही. मी इतकं सुरळीत खोटं आयुष्यात बोलले नव्हते.

"अहवालात पुरुषाचा खोकला लिहिलाय."

"मला फोनवर लोक 'साहेब' म्हणतात. तुम्हीच बोलून बघा."

माझा आवाज घोगरा आहे, बाबांवर गेलाय. खोकलाही त्यांचाच. बाबा होते तेव्हा मी जिन्यात खोकले की सासूबाई आतून विचारायच्या, "व्याही आलेत का?" आणि चहाचं आधण ठेवायच्या. पण बाईचा तो बाईचाच, थोडा वरच्या पट्टीतला. नुसता खोकून हा माणूस फसला नसता.

"रेकॉर्ड करून दाखवते," मी म्हटलं.

माइक चालू केला आणि खोकले. एक छोटा, एक मोठा, हं. टेप मागे घेतली, वाजवली, आणि वाजवताना उजव्या हाताचं बोट फिरत्या चाकाच्या कडेला टेकवलं. जरासंच. चाक एवढंसं मंदावतं आणि आवाज खाली उतरतो. बाबांनीच शिकवलेली युक्ती, एका बारीक आवाजाच्या नटाला खलनायक करताना. जास्त दाबलं तर आवाज रडका होतो आणि आंधळ्यालाही कळतं. मी इस्त्रींच्या डोळ्यांकडे बघत होते, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बोटाकडे बघितलं असतं तर सगळं संपलंच होतं.

त्यानंतर मी वार्तापटातला लावला. बाबा खोकले.

दोन्ही सारखे. मलाच एक क्षण कळेना कुठला कुणाचा.

इस्त्रींनी आपलं रीळ उचललं. मग म्हणाले, "म्हणजे हॉलमध्ये कुणी खोकलंच नाही."

"नाही."

"आणि तुम्ही इथे खोकलात."

"हो. पण टाळ्या मात्र..."

"टाळ्यांबद्दल मी काही विचारलेलं नाही!" ते इतक्या घाईने ओरडले की आम्ही दोघंही दचकलो. त्यांनी रुमालाने ओठ पुसला. त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलंय. आणि दोघांनीही खाली बघितलं.

त्यांनी कागद काढला, 'तांत्रिक निष्काळजीपणा' असं लिहिलं, मी सही केली. तुमचं काय करायचं ते वरून कळेल, म्हणाले. मग उठताना म्हणाले, "तो तुकडा आत्ता माझ्यासमोर काढा. मूळ टेपमधून."

मी पातं घेतलं. दीड सेकंद म्हणजे वीतभर टेप. एकदा शेवटचं ऐकावं असं फार वाटलं, पण कुठल्या तोंडाने सांगणार, माझाच तर खोकला होता तो. कापलं. दोन टोकं जोडली. इस्त्रींनी तो तुकडा पाकिटात घातला आणि पाकिटावर माझं नाव लिहिलं. नऊ वर्षं जपलेला बाबांचा आवाज आता सरकारी कपाटात माझ्या नावाने पडलाय. असू दे. बाबा असते तर म्हणाले असते, तुला तेव्हाच काप म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे घरी आले. चालत आले, एकटेच. सासूबाईंनी दार उघडलं, आणि मांडलेल्या ताटावर वाढायला घेतलं. मी ह्यांचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. अंगावरचा सदरा ओलाच होता. मला रडू फुटलं, चांगला हंबरडा फोडणार होते, पण हे म्हणाले, "अगं, शेजारी," आणि मी पदर तोंडात कोंबला.

"काही बोललो नाही मी," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तू?"

"मीपण नाही. म्हणजे बोलले, पण वेगळंच."

ह्यांना हसू आलं. आणि हसता हसता हे खोकले.

खोटा नाही. खोल, ओला, छातीच्या तळातून आलेला. नऊ दिवस गार पाण्यात आणि फरशीवर काढल्याचा. एकदा सुरू झाला तो थांबेचना. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मी मात्र जागच्या जागी थिजले, कारण बाजूला टेबलावर त्याच सकाळी आलेला कागद होता. गुरुवारी वरच्यांचं भाषण. गाडी आठ वाजता. कॅमेरामनने हजर राहावे.

नाही म्हणता येत नाही. यादीत नाव आहे आणि आता त्या याद्या वाचल्या जातात. डॉक्टरकडे जायचं तर तो कागदावर 'खोकला' लिहिणार, आणि आमच्या नावापुढे तो शब्द आता कुणीही लिहिता कामा नये. हॉलमध्ये कुणी खोकलंच नाही, अशी माझी सही आहे. कॅमेरा वरच्यांपासून दहा पावलांवर असतो आणि माइक कॅमेऱ्याला लागून.

काल दिवसभर काढे झाले, शेक झाला, मध झाला. आज मंगळवार. सकाळपासून दारं-खिडक्या लावून आम्ही बसलोय. मी घड्याळ धरते, हे उभे राहतात, समोर कॅमेरा आहे असं समजून एक डोळा मिटतात. श्वास नाकाने, उबळ आली की थुंकी गिळायची, जीभ टाळूला लावायची. बारा वर्षं मी लोकांचे खोकले मागाहून काढत आले, पण खोकला यायच्या आधीच काढता येतो का, हे मला कुणी शिकवलं नाही. सासूबाई दाराशी बसून बाहेरचा कानोसा घेतात. हे लाल होतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि मग मी धावत जाऊन दोन्ही तळहातांनी ह्यांचं तोंड दाबते. सगळा खोकला माझ्या हातात येतो.

पहिल्यांदा तीन मिनिटं झाली. दुपारी पाच. आत्ता, सगळा जीव लावून, सात.

भाषण चाळीस मिनिटांचं असतं.